चवदार तळ्याचा धडा शिकवताना

आदरणीय ताई,
मी महाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आमच्या शाळेपासून चवदार तळं एसटीनं अर्ध्या तासावर आहे. आठवीच्या मुलांना यंदा महाडचा सत्याग्रह नीट शिकवायचा, असं मी ठरवलंय. पण गेल्या वर्षी हा भाग शिकवताना एका सरांनी वर्गातल्या एका बौद्ध मुलीला उभं केलं आणि ‘तुझ्या आजोबांकडून काय ऐकलंयस ते सांग’ म्हणाले. सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघत राहिला. त्यानंतर ती इतिहासाच्या तासाला तोंडच उघडेनाशी झाली. तिची आई मला म्हणाली, ‘मॅडम, शिकवा, पण कुणाच्या पोराला उभं करू नका.’ एका मुलाचे वडील म्हणाले, ‘शंभर वर्षांपूर्वीचं उकरून आमच्या पोरांना अपराधी कशाला वाटायला लावता?’ मुख्याध्यापक म्हणतात, १४ एप्रिलला भाषणं होतातच, वेगळं काय हवं? शिवाय वर्गात वाडीवरची कातकरी आदिवासी मुलं आहेत. ती मागच्या बाकांवर बसतात आणि दिवाळीनंतर दिसेनाशी होतात. त्यांच्यासमोर समतेवर बोलायचं तर शब्द फुटत नाहीत. सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षिका, महाड तालुका

प्रिय मॅडम,

त्या मुलीच्या आईनं तुम्हाला अर्धं उत्तर देऊन टाकलंय. ‘शिकवा’ असं ती आधी म्हणाली आणि मग अट घातली. तिला हा विषय नकोय असं नाही. आपलं लेकरू सगळ्या वर्गासमोर पुराव्यासारखं मांडलं जाणं तिला नकोय. म्हणून पहिला नियम हाच ठेवा: कोणत्याही मुलाला त्याच्या जातीचा साक्षीदार करायचं नाही. प्रश्न विचारताना नजर एकाच बाकाकडे जाता कामा नये. ‘तुमच्या समाजात’, ‘तुमच्याकडे’ हे शब्द शिक्षकाच्या तोंडून जाता कामा नयेत. एखादी मुलगी आपणहून बोलली तर मनापासून ऐका, पण ‘बघा, ही काय सांगतेय’ म्हणून तिला वर्गाचा धडा करू नका. त्या मुलीशी तास सुरू व्हायच्या आधी एकदा मोकळेपणानं बोला. गेल्या वर्षी जे झालं ते चुकीचं होतं, एवढं तिला मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं. समजावणं, उपदेश काही नको.

नाटुकलीचा मोहही टाळा. असे प्रसंग शिकवताना शाळांतून हमखास नाटुकली होते. कुणीतरी पाणी मागणारा होतो, कुणीतरी काठी उगारणारा, आणि मधल्या सुट्टीत तीच काठी खऱ्या मुलावर उगारली जाते. मार खाणाऱ्याची भूमिका तेरा वर्षांच्या मुलाला देऊ नये, त्याची जात कोणतीही असो.

मग शिकवायचं कशातून? कागदांतून. महाडचा लढा कागदांतून शिकवण्याजोगा आहे आणि तुमच्या मुलांना तो घरचा वाटेल, कारण त्यातली गावं त्यांच्या एसटीच्या पाटीवर असतात. फळ्यावर पहिली तारीख लिहा: ४ ऑगस्ट १९२३. त्या दिवशी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा राखलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असा तो ठराव. दुसरी तारीख: ५ जानेवारी १९२४. महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. आता खडू खाली ठेवा आणि विचारा, ‘६ जानेवारीला सकाळी तळ्यावर काय झालं असेल?’

मुलं भराभर सांगतील. गर्दी झाली असेल, मिरवणूक निघाली असेल, भांडण झालं असेल. सगळी उत्तरं ऐकून घ्या आणि मग सांगा, काहीच झालं नाही. ठराव दप्तरात राहिला आणि तळं होतं तसंच राहिलं. अशी तीन वर्षं गेली. सगळ्या धड्याचा गाभा या प्रश्नात आहे, त्याला एक अख्खा तास द्या. परवानगी कागदावर आहे, तरी माणूस तळ्याकडे का जात नाही? कुणी मारेल म्हणून? दुकानदार उधारी बंद करील, खोत जमीन काढून घेईल म्हणून? की पिढ्यान् पिढ्या पायालाच त्या वाटेची सवय नाही म्हणून? आठवीची मुलं यावर मोठ्यांपेक्षा नीट विचार करतात, कारण शाळेतही कितीतरी गोष्टींची परवानगी असते आणि तरी काही मुलं पुढे येत नाहीत, हे ती रोज बघतात.

त्यानंतर १९ आणि २० मार्च १९२७ कडे या. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी गावोगावचे हजारो लोक महाडला जमले. परिषदेला लागणारं पाणी ४० रुपये मोजून विकत घ्यावं लागलं, आणि गावात पाण्यानं भरलेलं तळं होतं, ज्यावर अन्य धर्मांच्या लोकांना कुणाची आडकाठी नव्हती. हा एकच तपशील मुलांना शांतपणे सांगा, वर काही बोलू नका. २० तारखेला बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग सगळे तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी पाणी प्यायलं, लोकांनी प्यायलं. मग अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतीच्या तयारीत असलेल्या, जेवायला बसलेल्या माणसांवर काठ्या चालल्या. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. हात उगारू नका, असं बाबासाहेबांनी आपल्या लोकांना बजावलं आणि लोकांनी ते ऐकलं, हे आवर्जून सांगा. पुढे १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ झाली. त्या घागरींत काय होतं, हे मुलं विचारतीलच. शेण, गोमूत्र, दूध, दही असं सरळ सांगा. वर्गात हशा पिकला तर रागावू नका, थोडं थांबा. माणसाच्या ओंजळीनं विटाळलेलं पाणी शेणानं शुद्ध होतं म्हणजे काय, याचा अर्थ हसता हसताच त्यांच्या लक्षात येतो.

इथे बरेच शिक्षक थांबतात. तुम्ही थांबू नका, पुढचं फार मोलाचं आहे. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली, तर मंडपाला जागा मिळेना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. बाबासाहेब बोटीनं दासगावला उतरले आणि तिथून पाच मैल चालत महाडला आले. दासगाव मुलांच्या माहितीचं आहे, नकाशा काढायला लावाच. तोवर गावातल्या काही मंडळींनी कोर्टात दावा लावला होता की तळं खाजगी आहे, आणि मनाई हुकूम मिळवला होता. जमलेले लोक पुन्हा तळ्यावर जायला उतावीळ होते. कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही, असं परिषदेत ठरलं आणि लढा कोर्टात गेला. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. ते वगळू नका. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला आणि जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारे नियम नाकारण्यासाठी ते केलं गेलं, असं दोन वाक्यांत सांगा. मुलांनी जास्त विचारलं तर जास्त सांगा.

मग कोर्ट. नाटुकलीऐवजी हे करून बघा. वर्गातल्या प्रत्येक मुलाला न्यायाधीश करा. वादी कुणी नाही, प्रतिवादी कुणी नाही. दोन्ही बाजूंचं म्हणणं तुम्ही वाचून दाखवा. एका बाजूचं म्हणणं, तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तळं नगरपालिकेचं, म्हणजे सगळ्यांचं आहे. मुलांनी चौघा-पाचांच्या गटात निकाल लिहायचा, कारणांसकट. मग खरा निकाल सांगा. महाडच्या कोर्टात १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला, ठाण्याला १९३३ मध्ये अपील फेटाळलं गेलं, आणि मुंबई हायकोर्टानं १७ मार्च १९३७ ला शेवटचा निकाल दिला. पहिली ओंजळ आणि शेवटचा निकाल यांत दहा वर्षांना तीन दिवस कमी. मुलांना ही वजाबाकी स्वतः करू द्या. तुमच्या वर्गातलं मूल या काळात तेवीस वर्षांचं झालं असतं.

हायकोर्टानं काय म्हटलं, तेही नेमकं सांगा. अस्पृश्यता वाईट आहे, असा तो निकाल नव्हता. अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झाली नाही, एवढ्यावर तो उभा होता. हुशार मुलगी इथे विचारील, ‘मग सिद्ध झाली असती तर?’ तो प्रश्न आला की समजा, धडा पोचला. तिथून राज्यघटनेकडे जा. कलम १५ मध्ये पूर्णपणे किंवा काही अंशी सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांचा उल्लेख आहे आणि कलम १७ मध्ये अस्पृश्यता नष्ट केल्याचं आहे. आता रूढी सिद्ध झाली तरी उपयोग नाही. महाडच्या दाव्यातला प्रतिवादी, म्हणजे बाबासाहेब, पुढे घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, हे लक्षात आलं की रोज परिपाठाला म्हटली जाणारी उद्देशिका मुलांना वेगळी ऐकू येते.

आता त्या वडिलांबद्दल. त्यांचं म्हणणं झटकून टाकू नका. आपलं मूल खाली मान घालून घरी येऊ नये, हे कोणत्याही बापाला वाटणारच. त्यांना सांगा की आजच्या मुलावर १९२७ चा आरोप ठेवायचा नाहीच. महाड हे लहान गाव आहे. दाव्यात ज्यांची नावं आहेत त्यांची आडनावं आजही तिथे असतील, कदाचित तुमच्या हजेरीपटावरही असतील. म्हणून वादींची नावं वर्गात वाचू नका, ‘गावातली काही प्रतिष्ठित मंडळी’ एवढं पुरे. काठ्या कुणी चालवल्या हे मात्र लपवू नका. ‘समाजकंटकांनी हल्ला केला’ अशी गुळमुळीत वाक्यं मुलांना काहीच शिकवत नाहीत. सवर्ण जमावानं हल्ला केला आणि त्याच काळात सुरबा टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे ही सवर्ण माणसं परिषदेच्या बाजूनं उभी राहिली, ही दोन्ही वाक्यं एका श्वासात सांगा. आडनावावरून माणसाची बाजू ठरत नाही, हे त्या मुलाला त्यातून कळेल. त्या वडिलांना तासाला येऊन मागे बसण्याचं आमंत्रणही द्या. ऐकून गेलेला पालक सहसा दुसऱ्यांदा तक्रार करत नाही.

एक मात्र जपा. टिपणीस-चित्र्यांचं सांगताना त्यांनाच नायक करून टाकू नका. असं फार होतं, आणि वर्गातल्या बौद्ध मुलांच्या वाट्याला पुन्हा फक्त दुःख सोसणारे पूर्वज येतात. परिषद उभी केली ती रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी. मोऱ्यांची गोष्ट तुमच्या वर्गासाठीच आहे. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेनं त्यांना प्रवेश नाकारला. जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या या मुलानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि शाळेला प्रवेश द्यावा लागला. तोच मुलगा पुढे महाडच्या परिषदेमागे उभा राहिला. त्याही आधी महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर होते. लष्करातून निवृत्त झालेल्या या माणसानं १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं आणि धर्माच्या नावानं चाललेल्या अस्पृश्यतेला थेट प्रश्न विचारले. म्हणजे तळ्यावरच्या ओंजळीआधी जवळजवळ चाळीस वर्षं तुमच्याच तालुक्यात कुणीतरी लिहीत होतं, भांडत होतं. ही माणसं मुलांना ठाऊक असली की त्या मुलीला वर्गात मान वर करून बसायला आपसूक कारण मिळतं, तिला न विचारताच.

मुख्याध्यापकांशी वाद घालत बसू नका. १४ एप्रिलची भाषणं राहू द्यात. पण पाठ केलेल्या भाषणातून मूल टाळ्या घेऊन उतरतं, त्याला प्रश्न पडत नाही, हे त्यांनाही ठाऊक असेल. त्यांना सांगा की शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ९ नुसार वंचित गटातल्या मुलाशी शाळेत भेदभाव होऊ नये, ही जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर आहे. हे तुमचं खूळ नाही, कायद्यानं सांगितलेलं काम आहे. आणि एक विनंती त्यांना माझ्यातर्फे करा. बौद्ध वक्त्यांना फक्त एप्रिलमध्ये बोलवायचं, ही शाळांची सवय मोडा. विज्ञान दिनाला बोलवा, क्रीडास्पर्धेच्या बक्षीस समारंभाला बोलवा.

आता मागच्या बाकांबद्दल. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य तेच आहे. कातकरी मुलांसमोर शब्द फुटत नाहीत, याचा अर्थ धडा कुठे लावायचा ते तुम्हाला आधीच कळलंय. तेव्हा महाड शिकवायच्या आधी दोन-तीन आठवडे वर्गाची घडी बदला. दर सोमवारी बाक बदलायचे, सगळ्यांचे. पोषण आहाराच्या पंगतीत हजेरीच्या क्रमानं बसायचं आणि वाढायची पाळीही त्याच क्रमानं यायची. वर्ग झाडायचं काम कुणाच्या वाट्याला जास्त येतं, ते महिनाभर बघा. तुम्ही कुणाला सांगत नसाल, तरी काही मुलं सवयीनं झाडू उचलतात आणि बाकीची सवयीनं उचलत नाहीत. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना ‘एससीची मुलं उभी राहा, एसटीची मुलं उभी राहा’ ही पद्धत आजही शाळाशाळांतून चालते. ती तुमच्या शाळेत असेल तर आजच बंद करा. हजेरीपटात सगळं लिहिलेलं असतं, अर्ज एकेकाच्या हातात नेऊन देता येतो. भर वर्गात उभं केलेलं मूल आणि गेल्या वर्षी उभी केलेली ती मुलगी, दोघांना सारखंच वाटतं.

दिवाळीनंतर ही मुलं वीटभट्टीवर, कोळसा पाडायला आई-बापांबरोबर जातात, हे तुम्हाला सांगायला नको. दिवाळीच्या सुट्टीआधी वाडीवर एक चक्कर मारा. कोण जाणार, कुठे जाणार, कुणाची आजी मागे राहणार, एवढं विचारून या. मागे राहणं शक्य असेल तिथे हंगामी वसतिगृहाची सोय होते का, ते केंद्रप्रमुखांकडे पाठपुरावा करून बघा. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड भरून द्या, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येईल. आणि मूल परत आलं की ‘आलास का रे, कुठे होतास इतके दिवस?’ असं वर्गासमोर विचारू नका. आदल्या दिवशीचं पान उघडून त्याच्यापुढे ठेवा. महाडचा धडा ही मुलं गावात असतानाच घ्या. म्हणजे दिवाळीनंतर नकोच.

त्याला जोडून एक काम द्या: गावातल्या पाण्याचा नकाशा. विहीर, बोअरवेल, नळ, टाकी, वाडीखालचा ओढा, सगळं काढायचं. प्रत्येक पाण्याशेजारी तीन गोष्टी लिहायच्या: कधी झालं, कुणाच्या पैशातून झालं, पाणी कोण भरतं. ‘कुणाला मनाई होती?’ हे नकाशात विचारायचं नाही. एखाद्याच्या आजीनं सांगितलं आणि त्यानं आपणहून लिहून आणलं तर ते जपून ठेवा, वर्गात फिरवू नका. ‘कुणाच्या पैशातून’ हे शोधायला मुलं ग्रामपंचायतीत जातील आणि बोल्यांच्या ठरावाचं मर्म त्यांना तिथे कळेल. सगळ्यांच्या पैशातून झालेलं पाणी सगळ्यांचं, इतकं ते साधं आहे. ‘पाणी कोण भरतं’ या रकान्यात बहुतेक आई, ताई, मी असं येईल, लिहिणाऱ्या मुलीच असतील, आणि तोही एक तास होईल. वाडीवरच्या मुलांचा नकाशा वेगळा दिसेल. उन्हाळ्यात पाण्यासाठी कुठवर जावं लागतं, हे त्यावर उमटेल. त्यांनी तो सर्वांसारखाच भिंतीवर लावायचा, वेगळं कौतुक न करता, वेगळी कीव न करता.

तळ्यावर मुलांना जरूर न्या, पण २० मार्चला नको. तेव्हा तिथे मोठी गर्दी असते. धडा झाल्यावर आठवडाभरात एखाद्या शनिवारी न्या. तळं, बाबासाहेबांचा पुतळा, क्रांतिस्तंभ बघून व्हायला दोन-अडीच तास पुरतात. तिथे भाषण करू नका. मोऱ्यांनी काय केलं, कोर्टात काय झालं, हे मुलांनाच एकमेकांना दाखवू द्या. वाचायला बाबासाहेबांच्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकातले महाडचे वृत्तांत शोधा. महाराष्ट्र शासनानं ‘बहिष्कृत भारत’ आणि त्यांचंच आधीचं पाक्षिक ‘मूकनायक’ पुन्हा छापले आहेत. भाषा जुनी आहे, पण चार-पाच परिच्छेद निवडून मोठ्यानं वाचले तर आठवीला झेपतात.

चाचणीत ‘महाडचा सत्याग्रह – टीप लिहा’ असं विचारू नका, पाठ केलेलंच उत्तर येईल. ‘१९२४ मध्ये ठराव झाला, तरी १९२७ पर्यंत कुणी तळ्यावर का गेलं नाही? तुम्हाला काय वाटतं ते दहा ओळींत लिहा,’ असं विचारा आणि विचार केलेल्या प्रत्येक उत्तराला गुण द्या. मुलांची नावं काढून त्यातली थोडी उत्तरं मला पाठवलीत तर फार बरं वाटेल.

तुमची,
ताई